इलेन डी कूनिंग : चेहऱ्याआधी दिसणारा माणूस

आज चित्रांकडे वळण्याआधी एक साधा प्रसंग डोळ्यांसमोर आणा. लग्नाचा हॉल आहे, तीनशे माणसं जमलेली आहेत. तुमचा मामा लांब, तिकडे जेवणाच्या बाजूला, तुमच्याकडे पाठ करून उभा आहे. चेहरा दिसत नाहीये. कपडेही नवे, म्हणजे तीही ओळख नाही. तरी तुम्ही म्हणता, "तो बघ मामा." कशावरून म्हणता? एक खांदा जरा उतरलेला, एक हात मागे, शरीराचा भार एका पायावर. आपल्याकडे याला फार चांगला शब्द आहे, ढब. जिन्यात पावलं वाजली की घरातल्यांना कळतं, कोण आलं ते. चेहरा आपण नंतर बघतो, जणू खात्री करून घ्यायला.

आज आपण ज्या चित्रकर्तीबद्दल बोलणार आहोत, तिने जवळजवळ चाळीस वर्षं या एका गोष्टीचा पाठपुरावा केला. तिचं नाव इलेन डी कूनिंग. अमेरिकन, न्यूयॉर्कची. जन्म १९१८, मृत्यू १९८९. कलेच्या इतिहासाच्या पुस्तकांत तिच्या नावापुढे दोन गोष्टी लिहिलेल्या असतात : अमूर्त चित्रकार आणि व्यक्तिचित्रकार. वाचणारा जरा थबकतो. आपल्या मनात या दोन वेगळ्या खोल्या आहेत ना! व्यक्तिचित्र म्हणजे हुबेहूब, अमूर्त म्हणजे ज्यात काहीच ओळखू येत नाही ते. प्रदर्शनात व्यक्तिचित्रासमोर आपण विचारतो, "हा कोण?" आणि अमूर्त चित्रासमोर विचारतो, "हे काय?" माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की इलेनच्या बाबतीत या दोन खोल्या नव्हत्याच. व्यक्तिचित्रासाठी तिला अमूर्त भाषेची गरज होती. आणि जिथे ती गरज खरी होती, तिथेच तिची चित्रं सगळ्यांत चांगली झाली आहेत. जिथे नव्हती, तिथे ती घसरली आहेत. हेही आपण बघू.

थोडं चरित्र सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

१२ मार्च १९१८ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात तिचा जन्म झाला. माहेरचं नाव इलेन फ्राइड. चार भावंडांत थोरली. आईला चित्रांची आवड, ती या मुलीला लहानपणीच म्युझियममध्ये घेऊन जायची. तिथून चित्र काढण्याचा नाद लागला तो सुटला नाही. १९३८ मध्ये, म्हणजे विशीत, तिची गाठ विलेम डी कूनिंगशी पडली. तो हॉलंडमधल्या रॉटरडॅमचा, तिच्याहून चौदा वर्षांनी मोठा, १९२६ मध्ये अमेरिकेत आलेला, अजून नाव न झालेला चित्रकार. आधी तो तिचा शिक्षक झाला, १९४३ मध्ये नवरा.

शिक्षक म्हणून तो कडक होता. साध्या वस्तू मांडायच्या आणि त्या काटेकोरपणे रेखाटायच्या. पुन्हा पुन्हा. रेखाटन झालं की तो त्यातल्या चुका दाखवायचा, अनेकदा कागद फाडूनही टाकायचा. परत सुरुवात. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण पुढे तिच्या चित्रांत ते झपाट्याचे, सैल वाटणारे फटकारे दिसतील तेव्हा आपल्यापैकी कुणीतरी मनात म्हणेल, "हे काय, कुणीही करेल." तसं नाहीये. १९४६ चं तिचं आत्मचित्र बघा. वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे ते. रेषा आखीव, चेहरा स्पष्ट, प्रत्येक गोष्ट जागच्या जागी. तिला चेहरा काढता येत होता. तो पुढे पुसला गेला, हा निर्णय होता.

आता त्या काळचं न्यूयॉर्क. दुसरं महायुद्ध संपलंय, पोलॉक, क्लाइन, विलेम डी कूनिंग ही मंडळी मोठमोठ्या कॅनव्हासवर रंग फेकतायत, ओढतायत, खरवडतायत. पुढे याला अमूर्त अभिव्यक्तिवाद असं नाव पडलं. या वातावरणात व्यक्तिचित्र करणं म्हणजे मागासलेपणाच समजला जायचा. क्लेमंट ग्रीनबर्ग हा तेव्हाचा वजनदार समीक्षक. त्याचं मत असं की आजच्या काळात चेहरा रंगवणं शक्यच नाही. यावर विलेमने दिलेलं उत्तर प्रसिद्ध आहे. तो म्हणाला, बरोबर आहे, आणि न रंगवणंही शक्य नाही. हे उत्तर नवऱ्याच्या नावावर जमा आहे, पण खऱ्या अर्थाने ते जगली ती बायको.

आणि नुसती जगली नाही, लिहिलंही. १९४८ पासून ती 'आर्ट न्यूज' मासिकात समीक्षा लिहायला लागली. चित्रकार चित्र कसं करतो, पहिल्या फटकाऱ्यापासून शेवटापर्यंत, हे स्टुडिओत बसून बघायचं आणि लिहायचं, अशी एक लेखमाला तिथे चालायची. हान्स हॉफमनवर १९५० मध्ये तिने असा लेख लिहिला. स्वतः हातात ब्रश धरणाऱ्या माणसाने लिहिलेली समीक्षा कशी असते, ते या लेखांत कळतं. रंग आधी कुठे लागला, मग काय झाकलं गेलं, चित्रकार मध्येच कुठे अडला, यावर तिची नजर असते. मोठमोठे शब्द कमी, हाताच्या हालचाली जास्त.

आणखी एक मजेदार लेख आहे, १९५७ चा. त्यात तिने एक काल्पनिक चित्रकारच तयार केला. आडनाव प्युअर, म्हणजे शुद्ध! ही कलेत सोवळं पाळणाऱ्यांची टिंगल होती. चित्रात माणूस नको, वस्तू नको, भावना नको, हे नको, ते नको, असं करत करत शेवटी चित्रच उरत नाही. अॅड राइनहार्ट या चित्रकाराच्या शुद्धतेच्या आग्रहावर तिचा रोख होता. पण लक्षात घ्या, ती अमूर्ताच्या विरोधात नव्हती. ती सोवळ्याच्या विरोधात होती.

इथे तिसऱ्या बिरुदाबद्दल बोलायला हवं, जे पुस्तकात नसलं तरी लोकांच्या तोंडी असतं : विलेमची बायको. १९४९ मध्ये सिडनी जॅनिस गॅलरीत एक प्रदर्शन झालं. त्याचं नावच होतं 'कलाकार : नवरा आणि बायको'. पोलॉक आणि ली क्रॅसनर त्यात होते, हे दोघेही होते. त्या वेळी तिला कल्पना बरी वाटली, नंतर मात्र तिचं मत झालं की यात बायकांना कमीपणा होता. ती चित्रांवर बहुधा नुसत्या आद्याक्षरांनी सही करायची. आडनाव त्याचं, आणि त्या आडनावाची सावली मोठी. तिने हे रडगाणं केलं नाही, पण आपण समीक्षा करताना ते विसरून चालणार नाही. तिच्या चित्रातला एखादा जोरकस फटकारा दिसला की "हा विलेमचा प्रभाव" असं म्हणून मोकळं होणं फार सोपं आहे.

आता पडद्यावर बघा. १९५४, फेअरफिल्ड पोर्टर. स्वतः चित्रकार आणि तिच्यासारखाच समीक्षक. खुर्चीत बसलाय, पाय फाकलेले, टाय लोंबतोय. या काळात तिने अनेक पुरुष असे बसवले : हॅरल्ड रोझेनबर्ग, म्हणजे 'अॅक्शन पेंटिंग' हा शब्द देणारा समीक्षक, 'आर्ट न्यूज'चा संपादक टॉमस हेस, कवी, चित्रकार, मित्र. काही चित्रांत चेहरा जवळजवळ नाहीच, रंगाचा एक पुसट डाग आहे. म्हणून या चित्रांना 'चेहरा नसलेले पुरुष' असंही म्हटलं जातं.

दोन गोष्टी इथे घडतायत. पहिली, पुरुषांचे कपडे. कोट, शर्ट, टाय, पँट शरीराला कसे कापतात, वरचा आणि खालचा भाग कसा वेगळा करतात, याचं तिला फार कुतूहल होतं. म्हणजे बघा, तिच्यासाठी टाय ही एक उभी रेघ आहे, उघडलेला कोट म्हणजे दोन त्रिकोण. हा अमूर्त चित्रकाराचा डोळा आहे. पण त्या त्रिकोणांतून जो माणूस बसलेला दिसतो, तो दुसरा कुणी असूच शकत नाही. रोझेनबर्ग धिप्पाड होता, तो खुर्चीत सांडल्यासारखा बसतो. पोर्टर सगळं अंग आवळून बसतो, पाय फाकलेले असूनही. म्हणजे ढब!

दुसरी गोष्ट, कोण कुणाकडे बघतंय. शतकानुशतकं चित्रकार पुरुष आणि समोर बसलेली बाई, हा रिवाज. त्याच वर्षांत विलेम त्याच्या बायकांच्या त्या गाजलेल्या, दात विचकणाऱ्या चित्रांवर काम करत होता. आणि शेजारी ही बाई पुरुषांना बसवून बघतेय. निवांत, न घाबरता, न रागावता. त्यांच्या बसण्यातला मोकळेपणा, जागा व्यापण्याची सवय ती टिपते. टीका करत नाही, पण काही सुटतही नाही तिच्या नजरेतून.

आता मी जे दाखवतोय ते माझ्या मते तिचं सगळ्यांत महत्त्वाचं व्यक्तिचित्र. १९६२, फ्रँक ओहारा. कवी, न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये काम करणारा, सगळ्या चित्रकारांचा दोस्त. पूर्ण उंचीचं चित्र, माणूस उभा आहे. आणि चेहरा? पुसलेला. इलेनने याबद्दल जे सांगितलं त्याचा मथितार्थ असा : आधी चेहरा संपूर्ण रंगवला, त्याच्या रचनेसकट. मग पुसून टाकला. आणि चेहरा गेल्यावर तो जास्त फ्रँक वाटायला लागला.

थांबा जरा, हे वाक्य घाईने घेऊ नका. तिने चेहरा टाळला नाही. आधी काढला. मग असं लक्षात आलं की डोळे, नाक, ओठ नीट दिसत असले की बघणारा तिथेच अडकतो, पुढे जात नाही. चेहरा बाकीच्या सगळ्या शरीराला गप्प करतो. तो बाजूला झाला आणि खांदे बोलायला लागले, कंबर बोलायला लागली, उभं राहण्यातली ती हलकी चंचलता दिसली. चार वर्षांनी, १९६६ मध्ये, ओहारा एका अपघातात गेला. ज्यांनी त्याला पाहिलं होतं त्यांच्यासाठी हे चित्र काय असेल, याची कल्पना करा. आपलं माणूस गेल्यावर आपल्यालाही फोटोतला चेहरा आठवतोच, पण मध्येच एखाद्या अनोळखी माणसाची पाठमोरी चाल बघून पोटात गोळा येतो, तो या दुसऱ्या प्रकारच्या ओळखीमुळे.

आता तिची कसोटी लागली तो प्रसंग. १९६२ मध्ये मिसुरी राज्यातल्या ट्रूमन लायब्ररीसाठी राष्ट्राध्यक्ष केनेडींचं व्यक्तिचित्र करायचं काम तिच्याकडे आलं. डिसेंबरच्या शेवटी ती फ्लोरिडातल्या पाम बीचला गेली. केनेडी स्थिर बसणारे नव्हते. कागद वाचतायत, माणसं येतायत, बोलतायत, परत कूस बदलतायत. दुसरा एखादा चित्रकार वैतागला असता. हिच्यासाठी ते पर्वणीच होतं, कारण तिला स्थिर चेहरा नकोच होता. पण एक अडचण झाली. वर्तमानपत्रातल्या काळ्या-पांढऱ्या फोटोंवरून तिने जो माणूस मनात धरला होता, त्याच्याशी समोरचा माणूस जुळेना. उन्हात तो तिला सोनेरी, झळाळता दिसला.

ती न्यूयॉर्कला परतली आणि मग जवळजवळ पूर्ण १९६३ साल या एका माणसात गेलं. रेखाटनं, तैलचित्रं, लहान, मोठी. शिवाय टीव्हीवर आणि पेपरात केनेडी दिसले की परत रेखाटन. त्यांतलं एक मोठं चित्र, साधारण साडेआठ फूट उंच, आज नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे. हिरवा आणि सोनेरी रंग, फटकारे वरपासून खालपर्यंत धावतायत, आणि त्यातून माणूस वर येतोय. राष्ट्राध्यक्षांच्या दालनात सगळे कसे खुर्चीत इतिहास होऊन बसलेले असतात. हा मात्र आत्ता उठून जाईल असा.

२२ नोव्हेंबर १९६३. केनेडींची हत्या झाली. इलेनने त्यानंतर जवळपास वर्षभर रंगाला हात लावला नाही.

यावर भावनेने बोलणं सोपं आहे. मला समीक्षक म्हणून वेगळं काही दिसतं. वर्षभर ती एका हलत्या माणसाच्या मागे होती आणि तिची सगळी पद्धत या गृहीतकावर उभी होती की तो उद्या परत हलेल, परत वेगळा दिसेल, म्हणून एकही चित्र अखेरचं नाही. त्या दिवशी ते गृहीतक गेलं. जगभर एकच चेहरा छापला जाऊ लागला, तोच तो. आता प्रत्येक रेखाटन स्मारक झालं. जिने स्मारकं टाळण्यात आयुष्य घालवलं तिच्या हातात ब्रश चालला नाही, यात नवल नाही.

आता कबूल केल्याप्रमाणे दुसरी बाजू. केनेडींची सगळी चित्रं चांगली नाहीत. काहींमध्ये तो प्रसिद्ध केसांचा भांग आणि जबडा एवढ्यावरच साम्य टेकलेलं आहे, बाकीचे फटकारे नुसती सजावट करतात. ओहाराच्या चित्रात जे पुसण्याचं धाडस होतं, ते इथे अनेकदा नाही. कारण उघड आहे, राष्ट्राध्यक्षांचा चेहरा पुसून लायब्ररीला कसा द्यायचा? त्याआधीची बैलांच्या झुंजीची चित्रं घ्या. १९५८ च्या सुमारास ती न्यू मेक्सिकोच्या विद्यापीठात शिकवायला गेली, तिथून सीमेपलीकडे हुआरेझला जाऊन झुंजी बघायची. आडवे, भलेमोठे कॅनव्हास, भडक रंग. ताकद प्रचंड आहे, पण मला विचाराल तर त्यातल्या काही चित्रांत बैल हा वेगाला निमित्त झालाय. समोरच्या एका विशिष्ट जिवाला ओळखायची निकड जिथे नाही, तिथे तिचा झपाटा नुसताच झपाटा राहतो.

पण शेवट बघा. १९५७ पासून ती आणि विलेम वेगळे राहत होते, घटस्फोट मात्र कधीच नाही. सत्तरच्या दशकात मध्यावर ती त्याच्याजवळ परत गेली, त्याची दारू सोडवायला झटली. स्वतः ती या व्यसनातून बाहेर पडलेली होती. १९७६ मध्ये पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेत तिने मद्यदेवतेचं एकोणिसाव्या शतकातलं शिल्प पाहिलं, एकमेकांना सावरणाऱ्या, लडखडणाऱ्या आकृतींचं. त्यावर तिने कितीतरी चित्रं केली. पानांची सळसळ आणि माणसांचे हातपाय एकमेकांत मिसळलेले. दारूने आयुष्याची किती वर्षं खाल्ली हे माहीत असलेल्या बाईने रंगवलेला हा तोल जाणारा देव आहे. ही चित्रं मी तिच्या उत्तम कामात धरतो, कारण इथे ढब परत आलीय. आता ती एका माणसाची नाही, कोसळू पाहणाऱ्या आणि कुणीतरी धरून ठेवलेल्या शरीरांची आहे.

आणि मग १९८३ पासून गुहाचित्रं. फ्रान्स आणि स्पेनमधल्या आदिमानवाच्या चित्रांनी ती भारावली. आल्तामिराच्या छतावर खडकाचा फुगवटा आहे, त्यालाच बायसनचं अंग केलेलं आहे. डाग आधी की प्राणी आधी? खडक कुठे संपतो आणि जनावर कुठे सुरू होतं? ज्या वादावर न्यूयॉर्कच्या कॅफेंमध्ये रात्री जागवल्या गेल्या, तो वाद हजारो वर्षांपूर्वी त्या चित्रकारांना पडलाच नव्हता. पासष्टीच्या इलेनला तिथे आपलेच पूर्वज भेटले असणार. १ फेब्रुवारी १९८९ रोजी फुप्फुसाच्या कर्करोगाने ती गेली. विलेम तिच्यामागे आठ वर्षं जगला.

२०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीने फक्त तिच्या व्यक्तिचित्रांचं प्रदर्शन भरवलं. म्हणजे ज्या कामाला तिच्या तरुणपणी मागासलेलं ठरवलं जात होतं, त्याच कामाने तिला नवऱ्याच्या सावलीतून बाहेर काढलं.

शेवटी एक प्रश्न आलाय समोरून, तो घेतो आणि थांबतो. प्रश्न असा आहे : "मग व्यक्तिचित्रात साम्य नकोच का?" नाही, असा अर्थ काढू नका. साम्य हवंच. प्रश्न एवढाच, साम्य कशाशी? पासपोर्टच्या फोटोशी असलेलं साम्य ओळखपत्र तपासणाऱ्याला उपयोगी. आपल्या माणसाला आपण तसं ओळखत नाही. इलेनचं काम आपल्याला एवढंच सांगतं की प्रेमाने बघणारा माणूस चेहऱ्याच्या आधी पोचलेला असतो. आज घरी गेल्यावर दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे, दिवा लावायच्या आधी, क्षणभर बघा. चेहरा दिसणार नाही. पण कोण आहे ते तुम्हाला कळलेलं असेल. तिला चित्रात तेवढंच पकडायचं होतं, आणि ते फार अवघड आहे.